बोटाखालची कळ : व्हिडिओ गेममधील करुण रसाविषयी

दुःखाची गोष्ट वाचून आपल्या डोळ्यांत पाणी येते आणि तरीही ती गोष्ट आपल्याला पुन्हा वाचावीशी वाटते. हे कोडे मराठी समीक्षेने फार पूर्वी हाताळले आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर यांनी त्याचे उत्तर म्हणून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राच्या अवस्थेशी एकरूप होतो, पण तसे होताना स्वतःचे भान सोडत नाही. आपण आणि दुसरा अशा दोन्ही भूमिकांचा एकाच वेळी येणारा हा अनुभव वाङ्मयीन आनंदाच्या मुळाशी असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट मात्र सर्वांनीच गृहीत धरली होती, ती ही की वाचकाच्या हातून काही घडत नसते. राम सीतेचा त्याग करतो तेव्हा वाचकाचा त्यात हात नसतो. ऑथेल्लो डेस्डेमोनाचा जीव घेतो तेव्हा प्रेक्षक आपल्या खुर्चीत बसून असतो. त्याची हळहळ खरी असते आणि तो निर्दोषही असतो.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक असा कथाप्रकार वाढीस लागला आहे की ज्यात रसिकाला हा निर्दोषपणा सहजासहजी मिळत नाही. तो म्हणजे व्हिडिओ गेम. 'व्हिडिओ गेम' आणि 'करुण रस' हे शब्द शेजारी शेजारी आलेले पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याची यंत्रे आली, ती 'टीव्ही गेम' या नावाने. त्यांच्या कॅसेटींत प्रामुख्याने असायचे ते मारिओचे उड्या मारणे आणि कॉन्ट्राचा गोळीबार. मुलांच्या अभ्यासाचा शत्रू यापलीकडे या वस्तूची घरात दुसरी ओळख नव्हती. त्याच सुमारास जपानमध्ये मात्र काही लेखक-दिग्दर्शक या यंत्राकडून गोष्ट सांगण्याचे काम करून घेऊ लागले होते. त्या गोष्टी जपानीत आणि इंग्रजीत राहिल्या. मराठी वाचकापर्यंत त्या गोष्ट म्हणून पोचल्याच नाहीत.

मराठीत 'कळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. यंत्राची कळ आपण दाबतो आणि पोटात कळ उठते. या खेळांतील करुण रस त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत निर्माण होतो. जे घडते ते खेळणाऱ्याच्या बोटाखाली घडते. म्हणून येथे अश्रूंबरोबर एक प्रश्नही येतो : हे मी केले काय? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना नीतिशास्त्रातील एक जुना दंडक उपयोगी पडतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेला आहे. कृत्याची जबाबदारी ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात, करणाऱ्याला ज्ञान होते काय आणि त्याची संमती होती काय. या दंडकाने पापपुण्याचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. समीक्षेचे एक माप म्हणून तो लावून पाहिला असता, वरवर सारखेच रडवणारे खेळ एकमेकांपासून किती भिन्न आहेत हे स्पष्ट होते.

पहिले उदाहरण ज्ञान आणि संमती या दोहोंच्या अभावाचे आहे, आणि तेच सर्वांत प्रसिद्धही आहे. १९९७ साली प्लेस्टेशन या यंत्रासाठी आलेला 'फायनल फँटसी सेव्हन' हा खेळ तीन तबकड्यांवर मावला होता. त्यात एरिथ नावाची एक फुले विकणारी मुलगी आहे. मिडगार या पोलादी महानगराखालच्या झोपडवस्तीत एक पडके चर्च आहे आणि त्याच्या फुटलेल्या फरशीतून फुले उगवतात. त्या शहरात फुले उगवणाऱ्या जागा फारच थोड्या. खेळणारा तिला आपल्या तुकडीत घेतो, तिला शस्त्रे देतो, लढायांतून तिची शक्ती वाढवतो. पहिली तबकडी संपत येते तेव्हा ती प्रार्थनेला बसलेली असताना सेफिरॉथ हा खलपुरुष वरून येऊन तिला तलवारीने मारतो.

या प्रसंगावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लढाईत बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला उठवणारे फिनिक्स पक्ष्याचे पीस खेळणाऱ्याच्या पिशवीत असते, मग ते येथे का चालत नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रसंगाचे सामर्थ्य याच विसंगतीत आहे. शेकडो वेळा उपयोगी पडलेला उपाय हाताशी आहे आणि तो आज लागू पडत नाही, ही मरणाची ओळख ज्याच्या घरातून माणूस गेले आहे त्याला वेगळी करून द्यावी लागत नाही. त्या मृत्यूनंतर लगेच एक लढाई होते, आणि तीत नेहमीचे रणसंगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सू यांनी एरिथसाठी रचलेली संथ धूनच चालू राहते. हात लढत असतो आणि कान शोक करत असतो. पुढच्या दोन तबकड्यांत तिची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही. तिच्यावर खर्च केलेले कष्ट परत मिळत नाहीत. तिला जिवंत करण्याची एखादी गुप्त युक्ती आहे अशा अफवा त्यानंतर वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. नाकारलेल्या शोकाचे ते एक सामुदायिक रूपच म्हणावे लागेल. या कथेच्या २०२४ सालच्या नव्या आवृत्तीत तिच्या मृत्यूभोवती अनेक शक्यतांचे धुके पसरवलेले आहे. तंत्र कितीतरी पुढे गेले आहे, परंतु जुन्या प्रसंगाचा निर्वाणीचा स्वर त्यात हरवला आहे.

तरीही हे मान्य करावे लागेल की येथे खेळणारा निर्दोषच आहे. एरिथला त्याने मारलेले नाही. त्याचे दुःख वियोगाचे आहे, आणि कादंबरीच्या वाचकाच्या दुःखाशी त्याचे जवळचे नाते आहे.

याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक खोल अशी रचना चार वर्षे आधी एका लहानशा यंत्रावर होऊन गेली होती. निन्टेंडो कंपनीचे गेम बॉय हे हातात धरून खेळायचे यंत्र १९८९ सालचे. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, आणि रंग म्हणावे तर हिरवट करड्याच्या चार छटा. या पडद्यावर १९९३ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग' हा खेळ आला. ताकाशी तेझुका त्याचे दिग्दर्शक होते.

कथा अशी. लिंक नावाच्या तरुणाची होडी वादळात फुटते आणि तो कोहोलिंत नावाच्या बेटावर वाहत येतो. मरिन ही मुलगी त्याला किनाऱ्यावरून उचलून घरी आणते. बेटावरच्या डोंगराच्या माथ्यावर एक प्रचंड अंडे आहे. त्यात 'वारामासा' झोपला आहे. त्याला जागे केल्याशिवाय बेटावरून सुटका नाही, आणि त्यासाठी आठ वाद्ये गोळा करावयाची आहेत. येथपर्यंत ही परीकथा आहे. बेटावरचे गाव मात्र खऱ्या गावासारखे आहे. दुकानातली वस्तू पैसे न देता उचलून पळालात, तर त्यानंतर गावकरी तुम्हांला तुमच्या नावाने हाक मारीत नाहीत, 'चोर' म्हणतात, आणि ते खेळ संपेपर्यंत. मरिन गाणे गाते. समुद्राकडे पाहत ती विचारते की पलीकडे काय आहे. आपण समुद्रपक्षी असतो तर दूर उडून गेलो असतो, असे तिला वाटते.

पाच वाद्ये हाती आली आणि खेळ अर्ध्याच्या पुढे गेला, की लिंक एका जुन्या देवळात शिरतो. तेथल्या भिंतीवर एक शिल्पचित्र आहे आणि त्याखाली लेख आहे. हे बेट वारामाशाचे स्वप्न आहे. तो जागा होईल त्या क्षणी बेट, माणसे, राक्षस, सारे नाहीसे होईल.

आता ज्ञान झाले. यापुढे गोळा होणारे प्रत्येक वाद्य मरिनच्या अंताकडे टाकलेले पाऊल आहे. खेळ कोणाला सक्ती करीत नाही, उपदेशही करीत नाही. तो फक्त थांबून राहतो. तीन वाद्ये उरलेली असतात आणि पुढे जायचे की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. ज्यांना आपण आजवर दुष्ट समजून मारीत आलो त्या राक्षसांचीही बाजू आता उजेडात येते. शेवटचा शत्रू नष्ट होताना म्हणतो की आमचे जग आता संपणार. ते त्याचे जग होते आणि मरिनचेही होते. ज्ञान आहे, संमती आहे आणि हातही आपलाच आहे. अखेर आठ वाद्ये वाजतात, अंडे तडकते, आणि गावातली माणसे एकामागून एक पडद्यावरून पुसली जातात. लिंक समुद्रात एका ओंडक्यावर जागा होतो. वर आकाशातून वारामासा पोहत जाताना त्याला दिसतो.

या शेवटाला क्रूर म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही, कारण झोपलेल्याला कायम झोपेत ठेवणे हीही एक क्रूरताच आहे. लेखकांनी दोन्ही बाजूंना पुरेसे वजन दिले आहे, आणि म्हणूनच हा शेवट मनात घर करून राहतो. या संदर्भात एका यांत्रिक तपशिलाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. त्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जपून ठेवणारी एक छोटी बॅटरी असे. ज्या मुलाने सात वाद्यांवर खेळ थांबवला, त्याच्या कॅसेटमध्ये मरिन गात राहिली असणार, पण ती बॅटरी संपेपर्यंतच. न निवडणे हीही निवडच होती, आणि तिलाही मुदत होती.

तिसरा प्रकार असा की संमती आधी घेतली जाते आणि ज्ञान मागाहून येते. हिदेओ कोजिमा यांचा 'मेटल गियर सॉलिड थ्री : स्नेक ईटर' हा २००४ साली प्लेस्टेशन टू या यंत्रासाठी आलेला खेळ शीतयुद्धाच्या काळात, १९६४ सालच्या सोव्हिएत भूमीवर घडतो. नायकाला त्याच्या गुरूला ठार मारण्याची आज्ञा आहे. ही गुरू स्त्री आहे, तिला 'द बॉस' म्हणतात, आणि ती फितूर होऊन शत्रूला मिळाल्याचे सांगण्यात आले आहे.

या खेळातले दोन प्रसंग येथे विचारात घेण्यासारखे आहेत. पहिल्यात नायक धुक्याने भरलेल्या एका नदीतून प्रवाहाविरुद्ध चालत जातो. समोरून भुते येतात. ही त्या खेळणाऱ्याने त्या क्षणापर्यंत ज्या ज्या शिपायांना ठार केले त्यांची भुते असतात, आणि त्यांच्या अंगावर त्यांच्या मरणाच्या खुणा असतात. ज्याने लपतछपत, कोणाचा जीव न घेता वाट काढली त्याची नदी जवळजवळ रिकामी असते. ज्याने दिसेल त्याला गोळी घातली त्याला ती संपता संपत नाही. येथे शस्त्र चालत नाही. फक्त चालायचे आणि पाहायचे. कादंबरीच्या प्रत्येक वाचकाला तेच पान वाचावे लागते. ही नदी प्रत्येकासाठी वेगळी आहे, कारण ती त्याच्याच हाताने लिहिलेली आहे. आत्मपरीक्षणाचे इतके नेमके दृश्यरूप मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

दुसरा प्रसंग शेवटचा. पांढऱ्या फुलांच्या माळावर गुरू जखमी होऊन पडली आहे. बंदूक तिच्यावर रोखलेली आहे. असा प्रसंग चित्रपटात असता तर दिग्दर्शकाने गोळी उडवली असती आणि प्रेक्षकाने डोळे मिटले असते. येथे काहीच होत नाही. वारा वाहतो आणि खेळ वाट पाहतो. बऱ्याच वेळाने खेळणाऱ्याच्या लक्षात येते की कळ आपणच दाबायची आहे. ती दाबल्यावर फुले लाल होतात. आणि त्यानंतर कळते की ती फितूर नव्हती. देशद्रोही म्हणून मरणे हीच तिच्यावर सोपवलेली कामगिरी होती आणि ती तिने पार पाडली.

या ठिकाणी एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. कळ दाबल्यावाचून गोष्ट पुढे सरकतच नसेल, तर या संमतीला संमती म्हणायचे कसे? दुसरा मार्ग एकच, यंत्र बंद करणे. मग खेळणाऱ्याच्या माथी दोष मारणे हा लेखकाचा कावा नव्हे काय? शंकेत तथ्य आहे, आणि अनेक सामान्य खेळ या कसोटीवर नापास होतात. कोजिमांचा खेळ मात्र उत्तीर्ण होतो, कारण त्याचा विषयच आज्ञापालन हा आहे. शिपायाला जेवढे स्वातंत्र्य असते तेवढेच खेळणाऱ्याला दिले आहे. 'मला आज्ञा होती' हे उत्तर त्याच्या ओठांवर येते आणि ते किती अपुरे आहे हेही त्याच क्षणी त्याला जाणवते.

चौथे उदाहरण पुन्हा हातातल्या लहान यंत्राचे. शिगेसातो इतोई हे जपानमधील नामवंत जाहिरातलेखक. त्यांचा 'मदर थ्री' आधी निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी तयार होत होता. ते काम २००० साली सोडून द्यावे लागले, आणि अखेर २००६ साली तो गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्रावर प्रसिद्ध झाला. तो अधिकृतपणे जपानबाहेर कधी आला नाही. २००८ साली काही चाहत्यांनी कोणत्याही मोबदल्याशिवाय त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

पैशाची ओळख नसलेल्या एका गावात फ्लिंट आणि हिनावा हे जोडपे आणि त्यांची जुळी मुले ल्यूकस व क्लॉस राहतात. पहिल्याच प्रकरणात हिनावा मरते. आईचा सूड घ्यायला निघालेला क्लॉस बेपत्ता होतो. गावात पैसा येतो, घराघरांत सुखाच्या पेट्या येतात आणि माणसे एकमेकांना पारखी होतात. शेवटच्या लढाईत समोर येणारा मुखवटाधारी शत्रू क्लॉस असतो, आपले भान हरपलेला. खेळभर आपण संगीताच्या ठेक्यावर कळ दाबून अधिक जोराचे वार करायला शिकलेलो असतो. येथे ते सारे कौशल्य निरुपयोगी ठरते. वार करून ही लढाई जिंकता येत नाही. मार खायचा, स्वतःला सावरायचे आणि भावाची वाट पाहायची. आईचा आवाज ऐकू येत राहतो आणि हळूहळू क्लॉसला आपली ओळख पटते. हात उगारायला शिकवणारा खेळ अखेरीस हात आवरायला शिकवतो. ज्ञान आहे, संमती आहे. कृती मात्र न करण्याची आहे. एवढा संयम इतोईंनी त्या लहान पडद्यावर साधला, हे त्यांचे मोठेच यश मानले पाहिजे.

हाताची ही भाषा किती सूक्ष्म होऊ शकते याचे एक अलीकडचे उदाहरण देऊन हे विवेचन आटोपते घेतो. २०१३ साली जोसेफ फारेस या स्वीडिश दिग्दर्शकाचा 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' हा खेळ आला. त्यात डाव्या हाताने थोरला भाऊ चालवायचा आणि उजव्या हाताने धाकटा. आई बुडून मेल्यामुळे धाकट्याला पाण्याची भीती असते. थोरल्याच्या पाठीवर बसूनच तो पाणी ओलांडतो. थोरला मरतो आणि डावा हात रिकामा होतो. पुढे धाकट्यासमोर पूर आलेली नदी येते. उजव्या हाताच्या कळीने काही होत नाही. खेळणाऱ्याने डाव्या हाताची, म्हणजे मेलेल्या भावाची कळ दाबली की धाकटा पाण्यात उतरतो. हे एका शब्दानेही सांगितलेले नाही. ते बोटांनाच कळते.

याच्या शेजारी २०१४ सालचा 'कॉल ऑफ ड्यूटी : ॲडव्हान्स्ड वॉरफेअर' ठेवून पाहावा. त्यात मित्राच्या अंत्यविधीच्या वेळी शवपेटीसमोर पडद्यावर सूचना येते : आदरांजलीसाठी कळ दाबा. कळ दाबली की झाली आदरांजली. साऱ्या जगाने याची थट्टा केली, आणि ती रास्तच होती. त्या कळीमागे ना काही ज्ञान होते, ना कसली निवड, ना मागच्या तासांत जोपासलेले नाते. आपल्या गावांत मातीला जाणारा माणूस हातात मूठभर माती घेतो, तीही एक छोटीच कृती. तिला अर्थ येतो तो आयुष्यभराच्या संबंधामुळे. कृती लहान असल्यामुळे खेळ उथळ ठरत नाही. तिच्यामागे काहीच नसले की तो उथळ ठरतो.

अशा रीतीने केळकरांच्या उपपत्तीत एक भर घालावी लागेल. पुस्तकाच्या वाचकाचे स्वत्व त्याच्या समाधीत साक्षी म्हणून जागे असते. खेळणाऱ्याचे स्वत्व कर्ता म्हणून जागे असते, आणि साक्षीला न विचारले जाणारे प्रश्न कर्त्याला विचारले जातात. बहुतेक खेळ हे प्रश्न विचारीत नाहीत; ते शत्रूंची मोजदाद ठेवतात आणि बक्षीस देतात. जे थोडे विचारतात, त्यांना वाङ्मयाच्या शेजारी बसवण्यास हरकत नसावी. आपली मुले तासन्‌तास या यंत्रांसमोर बसलेली असतात. किती वेळ खेळलास, हे आपण त्यांना विचारतोच. खेळताना तुझ्या हातून काय घडले आणि ते तुला कसे वाटले, हेही विचारले, तर पुष्कळदा पुस्तकावर होते तशी चर्चा घरात होऊ शकेल.